आयतोबा

दुपारचं जेवण उरकून पेपर तोंडावर ओढणार, तेवढ्यात भाचीचा फोटो आला. ती जर्मनीत असते, तिकडे बीच नावाच्या झाडांच्या जंगलात भटकायला गेली होती. पाचोळ्यातून वर आलेला एक दांडा, त्यावर फुलंच फुलं, आणि सगळं एकजात फिकट तपकिरी. हिरवा ठिपका औषधालाही नाही. खाली लिहिलं होतं, ‘मामा, ही आमरी आहे, म्हणजे ऑर्किड. निओटिया निडस-एव्हिस. हिला हिरवी पानं नसतात, त्यामुळे ही स्वतः काही शिजवत नाही.’

‘मग करते काय?’ मी विचारलं.

‘खाते.’

झोप गेली ती गेलीच. जमिनीखाली बुरशीचे धागे असतात, ते झाडांच्या मुळांशी बांधलेले. झाड उन्हात राबून साखर करतं, त्यातली थोडी बुरशीला देतं. बुरशी त्याला पाणी आणि क्षार आणून देते. व्यवहार चोख. या व्यवहारात ही बाई मध्येच पंगतीला बसते आणि बुरशीकडून जेवते. बदल्यात काही दिल्याचं आजवर कुणाला दिसलेलं नाही. शास्त्रज्ञ अशा वनस्पतींना सरळ ‘लबाड’ म्हणतात.

हे मला आवडलं नाही. कारण सगळ्याच आमऱ्यांची सुरुवात अशी होते. बी म्हणजे नुसती धूळ, आत शिदोरी नाही. बुरशी भेटली तर रुजायचं. नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच तरुणाला हे 1899 साली उमगलं, लष्करी सेवेत असताना जंगलात फिरता फिरता, आणि तेही नेमकं याच आमरीच्या रुजलेल्या बियांवरून. पुढे बहुतेक आमऱ्या पानं फुटली की कमावत्या होतात. ही झाली नाही, एवढंच.

आमचा धाकटा काकाही झाला नाही.

जुन्या नाशकात आमचा वाडा होता. वडील आणि मोठे काका नोकरीला, मधले काका दुकानात, आणि हा जिन्याखालच्या खोलीत. दिवसचे दिवस दिसायचा नाही. जेवायला मात्र हाकेसरशी हजर. गणपतीचं मखर आणि दिवाळीचा कंदील त्याच्या हातचा. आणि रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगाचा जमिनीतला हौद, उघडली की काका त्या पिवळ्या पाण्यात पहिल्या धप्प्याला, मग संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पोरांचा सरदार. दुसऱ्या दिवशी रहाडही बंद, काकाही.

‘याचा उपयोग काय?’ असं पाहुणे विचारत. आजी फक्त वाढत राहायची. मला अजूनही हा प्रश्न विचारणाऱ्यांचा राग येतो, आणि तो प्रश्न मी मुलाला रोज विचारतो, ते सोडा.

एकदा हरसूलच्या रस्त्यावर एका आंब्यावर सीतेची वेणी फुलली होती. मी म्हटलं, ‘काका, बांडगूळ!’ काका केवढा चिडला. ‘अरे, ती झाडाचं काही खात नाही. फक्त बसायला जागा घेते. पानं आहेत बघ तिला.’ अख्ख्या प्रवासात तो तेवढंच बोलला. त्या वयात ते काय कळणार!

भाचीचे मेसेज संध्याकाळपर्यंत चालू होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1928 साली एका शेतकऱ्याला अशीच बिनपानांची एक आमरी सापडली, ती फुलतेसुद्धा जमिनीखाली. एवढा नखरा करायचा आणि दाखवायचाही नाही, हे मात्र काकाला जमलं नसतं. ही फुलं कुंडीत लावता येत नाहीत, असंही तिने लिहिलं. दांडा उपटून नेला की बुरशी तुटते, आणि झाड तोडलं की बुरशीच उपाशी. विकत घ्यायची म्हटली तर अख्खं जंगल घ्यायला हवं.

आजी गेल्यावर वाडा बिल्डरला दिला. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर काकाचंही नाव होतं. सही करायला त्याला बोलावलं, त्याने आनंदाने केली, वर सगळ्यांसाठी चिवडा आणला. तीन फ्लॅट मिळाले, तीन भावांना. ‘हा काय, कुणाकडेही राहील,’ असं ठरलं होतं, आणि ते कुणाला वावगंही वाटलं नाही.

राहिला तो, पाळीपाळीने. फार वर्षं नाही.