फायरप्लेस आहे, पण पेटवत नाही

लंडनमध्ये जुनं टेरेस घर, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं घर, घेतलं की फायरप्लेस पदरात पडतेच. वॉल्थमस्टोच्या आमच्या घरात दोन आहेत, ओतीव लोखंडाच्या, कडेला हिरव्या टाइल्स. आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "पेटवता का मग?"

नाही. एक तर लेकीला दमा आहे. दुसरं म्हणजे लंडनचा बहुतेक भाग धूरनियंत्रण क्षेत्रात येतो, तिथे उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळायची परवानगीच नाही. चिमणीतून धूर दिसला तर 175 ते 300 पौंड दंड होऊ शकतो. डिसेंबर 1952 मध्ये या शहरावर पाच दिवस कोळशाच्या धुराचं धुकं बसलं, हजारो माणसं गेली, त्यानंतर 1956 चा क्लीन एअर ॲक्ट आला. नियमाचं मूळ तिथे आहे.

मान्यता असलेला बंद लॉगबर्नर, म्हणजे दार असलेली लाकडाची शेगडी, बसवला तर लाकूड चालतं, तेही 20 टक्क्यांच्या आत ओलावा असलेलं. समोरच्यांनी तोच बसवलाय. उघड्या आगीपेक्षा धूर खूपच कमी, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. वारा पडलेल्या रात्री खिडकी उघडली की वास येतो आणि लेकीचा पंप शोधावा लागतो. त्यामुळे तो पर्याय आमच्यासाठी बादच.

पर्याय शोधायला बसलं की सगळे ज्वाळा विकायला येतात. मला विचाराल तर आधी चिमणीचं बघा. थंडीत, हीटिंग चालू असताना, फायरप्लेसच्या तोंडाशी उदबत्ती धरा. आमच्याकडे धुराची रेघ सरळ वर न जाता आडवी वाकली आणि सुळकन चिमणीत शिरली. म्हणजे गॅस जाळून तापवलेली हवा दिवसरात्र तशीच आभाळात चालली होती! यावर इथे लोकरीचा जाड गोल बोळा मिळतो, हर्डविक नावाच्या डोंगरी मेंढ्यांच्या लोकरीचा. हात लावला तर थेट घोंगडी, तशीच टोचरी. चिमणीच्या गळ्याचं माप घ्यायचं आणि खालून दाबून बसवायचा. दांडी खाली लोंबती ठेवायची, म्हणजे वर बोळा आहे हे विसरून कुणी आग पेटवणार नाही. हवा अगदी बंद होत नाही, थोडी झिरपते, आणि ते चांगलंच आहे. चिमणी विटांनी पक्की बुजवली आणि हवेसाठी जाळी ठेवली नाही, तर आत ओल धरते. या बोळ्याने आमच्या बैठकीच्या खोलीत जो फरक पडला, तो कुठल्याही दिखाऊ आगीने पडला नसता.

आता दिखाऊ आग. रेडिंगच्या मैत्रिणीने बायोइथेनॉलची, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या अल्कोहोलवर जळणारी, घेतली. धूर नाही, राख नाही, चिमणी लागत नाही, ज्वाळा मात्र खऱ्या. दिसते देखणी, नाकारत नाही. पण चिमणी नाही म्हणजे जळून झालेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ खोलीतच राहते; खिडकी किलकिली ठेवावी लागते, की आली थंडी आत. एका लिटरमध्ये उष्णता जेमतेम सहा युनिट (किलोवॅट-तास), आणि लिटरला ती तीन-चार पौंड मोजते. शिवाय गरम बर्नरमध्ये पुन्हा इंधन ओतणं म्हणजे भडका उडवून घेणं. उरलेली ज्वाळा उजेडात दिसतही नाही, आणि असे भाजल्याचे प्रकार झालेले आहेत. लहान मूल असलेल्या घरात मी तरी आणणार नाही.

आम्ही विजेची घेतली, एलईडीवाली. नुसत्या ज्वाळा लावल्या तर वीज नगण्य. हीटर पूर्ण लावला की तासाला दोन युनिट, आणि इथे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग. म्हणून तो हीटर फक्त पाहुणे आले की, तोही थोडा वेळ. साताऱ्याहून आलेल्या आईने ती आग बराच वेळ निरखली आणि विचारलं, "अगं, आपला बंब निदान अंघोळीचं पाणी तरी द्यायचा. ही काय करते?" उत्तर नव्हतं.

ऊब हवी असेल तर उत्तर एकच दिसतं, हीट पंप. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, म्हणून एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट ऊब मिळते. वीज चौपट महाग असली तरी इथे तोटा बराचसा भरून निघतो. इंग्लंड-वेल्समध्ये सरकार 7,500 पौंड अनुदान देतं. जुन्या घरात भानगडी असतात: खोल्या तापवणारे काही रेडिएटर मोठे करावे लागतात, बाहेरच्या यंत्राला जागा लागते, आणि गरम पाण्याची टाकी घरातच कुठेतरी उभी करावी लागते.

आमचं अडलंय ते टाकीपाशी. पाहणीला आलेल्या माणसाने जिन्याखालचं कपाट दाखवलं, म्हणाला इथेच बसेल. त्या कपाटात गणपतीचं मखर आहे. माळ्यावर ठेवावं तर तिथे ऊब राखायला 270 मिलिमीटर जाडीचं इन्सुलेशन अंथरलंय, त्यावर वजन ठेवून ते दाबलं तर उपयोग कमी होतो. नवरा म्हणतो, यंदा फोल्डिंगचं मखर घेऊ. मी अजून हो म्हटलेलं नाही.