सर्वाधिक फळे धरलेले झाड

ऑगस्टमधील झडीनंतर काटोलकडच्या एका संत्रा बागेतून मला बोलावणे आले. पाने पिवळी पडत आहेत म्हणजे जस्त कमी पडले असावे, असे धरून बागमालक काकांनी झिंक सल्फेटच्या फवारण्या उरकल्या होत्या. जस्ताच्या कमतरतेत पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. येथे मात्र आधी शिराच पिवळ्या पडल्या होत्या, त्यामुळे पानांकडे अधिक न पाहता मी बुंध्याशी बसलो.

आंतरमशागतीत खोडाला माती चढत जाऊन कलमाचा सांधा पार गाडला गेला होता. रंगपूर लाइमचा खुंट, म्हणजे कलमाखालचे मुळाकडचे झाड, डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला) बराच तोंड देतो, परंतु त्यावर बांधलेला संत्र्याचा डोळा ओल्या मातीत आला की त्या खुंटाचा उपयोग उरत नाही. माती दूर करताच तपकिरी डिंकाचे ओघळ दिसले, आणि तंतुमुळे चिमटीत धरून ओढली असता साल हातात येऊन आत नुसता दोरा राहिला. हे फायटोप्थोराचे काम होते. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की हा बुरशीसारखा रोगकारक जीव फोफावतो.

"साहेब, पण याच झाडाले सगळ्यात जास्त बार आला हाये," काका म्हणाले. तेच तर लक्षण होते. खोडाची साल कुजली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही, वरच साठते, आणि झाड मरण्यापूर्वी फळांनी लदते. झाडावरचा भार कमी करायला ती फळे उतरवा, असे सांगितल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. हिरव्या फळांना बाजार नसतो आणि घरचा खर्च याच आंबिया बहारावर, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या पिकावर असतो, हे मलाही ठाऊक होते.

कुजलेली साल चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडून आम्ही एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो मलम तयार केले. त्यात बुडवलेल्या विळ्याच्या पात्यावर तांबूस थर चढला, म्हणजे मोकळे तांबे शिल्लक होते, तेव्हा आणखी चुना घालावा लागला. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळी आखली आणि उताराकडे चर काढले. ज्या झाडांची साल खोडाभोवती पूर्ण कुजली होती, ती मुळांसकट काढायचे ठरले. त्या लदलेल्या झाडाची मात्र एका बाजूची साल अजून हिरवी होती. संध्याकाळपर्यंत काकांनी त्याची फळे स्वतःच्या हाताने उतरवली.