बरगडीला प्लास्टर नसते, हे अर्जाला कोण सांगणार?

मोडलेला हात गळ्यात अडकवता येतो, मोडलेली बरगडी कोणाला दाखवता येत नाही. गेल्या श्रावणात गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळलेल्या जांभ्यावरून पाय घसरून पायरीचा कोपरा माझ्या डाव्या कुशीत बसला. जवळच्या दवाखान्यातील एक्स-रेमध्ये काहीच निघाले नाही. परंतु श्वास घेताना येणारी कळ कमी होईना, म्हणून चिपळूणला सीटी स्कॅन केले आणि त्यात सहाव्या व सातव्या बरगडीला तडा गेल्याचे स्पष्ट दिसले. फुप्फुस आणि प्लीहा शाबूत असल्याची खात्री झाल्यावर डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या आणि श्वासाचे व्यायाम लिहून देऊन, साधारण सहा आठवडे लागतील असे सांगून घरी पाठवले.

घरी आल्यावर पहिला प्रश्न सर्वांचा एकच होता, तो म्हणजे पट्टा का बांधला नाही. शेजारच्या काकूंनी तर हाडवैद्याचा पत्ताही आणून दिला. पूर्वी डॉक्टरही छाती आवळून बांधत असत, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मात्र छाती आवळली की श्वास उथळ होतो, फुप्फुसाच्या तळाशी हवा पोहोचत नाही, तेथे कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे कळल्यापासून ती पद्धत सोडून देण्यात आली आहे. त्यामुळे घरी बसून करायचे मुख्य काम म्हणजे दुखत असतानाही खोल श्वास घेणे. त्यासाठी तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र औषधाच्या दुकानात मिळते. जागे असताना दर तासाला त्यातून हवा ओढून घ्यावी लागते, आणि सुरुवातीला एक चेंडू वर जाईपर्यंतच डोळ्यांत पाणी येते. दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता गोळी नेमून दिलेल्या वेळीच घ्यावी आणि तिचा अंमल सुरू झाल्यावर व्यायाम करावा, हे मला परिचारिकेने सांगितले आणि तेच सर्वांत उपयोगी पडले.

खरा अडथळा आला तो विम्याच्या कागदपत्रांचा. आमच्या पतसंस्थेमार्फत घेतलेल्या अपघात विम्यात, कामावर जाता येत नसेल तेवढ्या आठवड्यांची भरपाई मिळते. (बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वेगळी, ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, बरे होणाऱ्या बरगडीसाठी नाही.) दाव्याच्या छापील अर्जात ‘प्लास्टर घातल्याची तारीख’ आणि ‘प्लास्टर काढल्याची तारीख’ असे दोन रकाने होते. मी ते रिकामे ठेवले, आणि अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. ‘लागू नाही’ असे लिहून पुन्हा दिला, तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “बाई, प्लास्टर नाही म्हणजे फ्रॅक्चर नाही. मुका मार असेल.” श्वासागणिक हलणाऱ्या हाडाला प्लास्टर कसे घालणार, हे मी खिडकीच्या गजाला धरून, बोलताना लागणाऱ्या कळा सोसत त्यांना समजावून सांगत होते, आणि ते माझ्याकडे न पाहता ‘फ्रॅक्चर दर्शवणारी एक्स-रे फिल्म’ या ओळीखाली पेनाने रेघ मारत होते. सीटीचा अहवाल मी पुढे केला, परंतु यादीत सीटी हा शब्दच नसल्यामुळे त्यांनी तो उघडूनही पाहिला नाही. बरगडीचा तडा साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, ही गोष्ट वैद्यकात जुनी आहे. अर्ज छापणाऱ्यापर्यंत ती पोहोचलेली नव्हती, इतकेच.

या फेऱ्या एस.टी.ने कराव्या लागल्या, ही त्यातील मोठी शिक्षा. मागच्या चाकावरचे आसन टाळावे, पुढच्या भागात बसावे आणि सोबत एक लहान उशी ठेवावी. तीच उशी खोकताना व शिंकताना दुखऱ्या जागेवर घट्ट धरली की कळ बरीच आवरते.

शेवटी डॉक्टरांकडून एक पत्र आणले: एक्स-रेमध्ये तडा न दिसणे शक्य असते, सीटीमध्ये तो दिसला आहे, बरगडीला प्लास्टर घालत नाहीत, आणि रुग्ण अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामास पूर्णपणे असमर्थ आहे. ‘पूर्णपणे’ हा शब्द आठवणीने लिहून घ्यावा. नुसते ‘विश्रांतीचा सल्ला’ असे असेल तर भरपाई अडते. हे पत्रही खिडकीवरून परत येऊ लागले तेव्हा मी नकार लेखी मागितला. तो कोणी देईना. मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आणि त्यात, महिन्याभरात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे जाईन, असे लिहिले. लोकपालांकडे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तेथपर्यंत जावे लागले नाही. त्याच कागदांवर दावा मंजूर झाला, आणि मला त्याचा आनंद कमी व राग अधिक आला.

तोवर हाड सांधत आले होते. दुखणे मात्र त्यानंतरही रेंगाळले, आणि ते रेंगाळतेच. सुरुवातीच्या रात्री मी आरामखुर्चीत, पाठीशी उशा रचून काढल्या. आडवे होण्यापेक्षा आडवे झाल्यावर उठणे कठीण असते. विहिरीचे पाणी ओढणे, भरलेली बादली उचलणे आणि दुचाकी चालवणे डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत बंद ठेवावे. तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, आणि कुंथताना बरगडी काय म्हणते ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांना आधीच विचारून त्यावरचे औषध आणून ठेवावे.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. पहिली तपासणी ठीक आली तरी फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त नंतरही साचू शकते. धाप वाढली, ताप आला, थुंकीतून रक्त किंवा पिवळा-हिरवा कफ पडू लागला, अथवा पोटात किंवा खांद्याच्या टोकाशी नवे दुखणे सुरू झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आमच्यासारख्या, रुग्णालयापासून दूर असलेल्या वाड्यांनी १०८ ची रुग्णवाहिका पाखाडीच्या कोणत्या टोकाला येऊ शकते, हे आधीच ठरवून ठेवावे.