एसीच्या खोलीत ठेवलेली बॅग

चार सीझन मी काकांच्या हाताखाली लाईट धरला. काका म्हणजे सख्खे नव्हेत, चिपळुणात अख्खी आळी त्यांना काकाच म्हणते. रोलच्या जमान्यात छत्तीसचे चार रोल घेऊन लग्नाला जायचे आणि शेवटच्या रोलमधले पाच-सहा फोटो पाठवणीसाठी राखून ठेवायचे. मे २०१८ मध्ये एकाच तारखेला दोन लग्नं आली आणि गुहागर तालुक्यातलं एक त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. "घरचा मांडव आहे, खळ्यातच लग्न. जमेल तुला. फक्त सगळं दोन-दोन घे."

कॅमेरे दोन झाले. माझा सेकंडहँड निकॉन डी७५० आणि काकांचा जुना डी७१००. दोन्हीत एसडी कार्डाचे दोन-दोन स्लॉट, आणि दुसरा बॅकअपला लावला की प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरतो. नवरीच्या बापाला याचं काही कौतुक नसतं, पण कार्ड करप्ट झालं तर लग्न पुन्हा कोण लावणार? फ्लॅश दोन. एकेकाला चार पेन्सिल सेल, आणि प्रत्येकाला तीन-तीन गठ्ठे हाताशी हवेत म्हणून सेल चोवीस. चार-चारचे गठ्ठे रबराने बांधून मार्करने नंबर टाकले, कारण गठ्ठ्यात एक सेल मरतुकडा निघाला तर बाकीचे तीन असून नसल्यासारखे. चार्जिंग दोन दिवस आधीच उरकलं. मे महिन्यात आमच्याकडे विजेच्या भरवशावर कोण राहतं!

लेन्समध्ये २४-७० मिलिमीटरची झूम म्हणजे रोजची भाकरी. कमी उजेडातही चालणारी ३५ची घेतली माजघरासाठी, कारण कौलारू घरात भर दुपारीसुद्धा माजघर अंधारंच असतं. लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मात्र आमच्याकडे नव्हती. ती कराडहून दोन दिवसांच्या भाड्याने आणली. दीड किलोचं धूड, कुंभार्ली घाट उतरेपर्यंत एसटीत मांडीवरून खाली ठेवलं नाही. देताना दुकानदाराने मागून टॉर्च मारून काच आरपार दाखवली होती. "बघून घ्या, बुरशी नाही." त्याचं चुकीचं नव्हतं. आमच्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या लेन्सला एका पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात असतात, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर गरम करायचे, पुन्हा निळे होतात.

एवढी तयारी केली आणि घोटाळा झाला तो पाहुणचारामुळे. नवरीच्या काकांनी आदल्या रात्री मला लॉजवर एसीची खोली दिली. "जरा गारव्यात झोप रे, उद्या घाम गाळायचाच आहे!" मी एसी अठरावर ठेवला, बॅग उघडीच टेबलावर ठेवली आणि मेल्यासारखा झोपलो. सकाळी आठला हळद. खळ्यात पोचून डी७५० डोळ्याला लावला तर समोर पांढरं. लेन्स पुसली, चार सेकंदांत पुन्हा पांढरी. व्ह्यूफाइंडरचीही तीच गत. गार काचेवर बाहेरची दमट हवा लागली की पाणी धरणारच, फ्रिजमधल्या तांब्याला सुटतं तसं. काच बाहेरच्या हवेइतकी गरम होईपर्यंत पुसून उपयोग नाही. लेन्स काढायचा मोह झाला, पण काढली असती तर तेच पाणी आत फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर बसलं असतं. तिकडे बायका "अरे फोटोग्राफर कुठाय?" म्हणून हाका मारतायत.

वाचवलं डी७१०० ने. बॅगेत जागा नव्हती म्हणून तो ३५च्या लेन्ससकट रात्रभर गाडीच्या डिकीत पडून होता. काच लख्ख! पहिली वीस-पंचवीस मिनिटं हळद त्याच्यावरच काढली. बाकीचं धूड तोवर ओटीवर, बॅगेची चेन लावून. चेन लावायची हे रात्रीच कळायला हवं होतं. बंद बॅग गाडीत तासभर आधी ठेवली असती तर आतलं सगळं हळूहळू बाहेरच्या हवेवर आलं असतं.

मांडवाचं कापड गुलाबी-पिवळं. वर फ्लॅश मारावा तर सगळ्यांचे चेहरे गुलाबी होऊन परत येतात. म्हणून एक फ्लॅश मांडवाच्या पोफळीला क्लॅम्पने अडकवला, दुसरा नवरीच्या मावसभावाच्या हातात दिला आणि कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरने दोन्ही लांबून चालवले. ग्रे कार्ड, म्हणजे साधं राखाडी कार्ड, नवरीच्या हातात देऊन एक फोटो घेतला, म्हणजे घरी बसून कॅमेऱ्याच्या कच्च्या, रॉ फाइलवर त्या राखाडीवरून रंग जुळवता येतो. तिला वाटलं हा काहीतरी विधी आहे. तिने कार्डाला नमस्कार केला.

अंतरपाटाचं आधीच गुरुजींशी बोलून ठेवलं होतं. "शेवटच्या मंगलाष्टकाला माझ्याकडे एकदा बघा." फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवला तर पुढच्या फोटोला तीन-चार सेकंद थांबावं लागतं, म्हणून पाव ताकदीवर आणला. मामा पुढ्यात, आत्या मोबाईल उंचावून त्यांच्याही पुढ्यात. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलो, ७०-२०० लावून. गुरुजींनी खरंच बघितलं. "सावधान" म्हणताना अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या आणि सलग सात फोटो मिळाले. त्यातल्या एकात नवरा डोळे मिटून उभा आहे. सासरच्यांना नेमका तोच मोठा करून हवा होता.

तिसऱ्या दिवशी कराडला लेन्स परत द्यायला गेलो. दुकानदाराने पुन्हा टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं, मान हलवली. मग लेन्सच्या तोंडावरच्या हुडाच्या कडेवर नख फिरवलं. कुठल्यातरी करवलीच्या बोटांचा हळदीचा ठसा होता, मी दोनदा पुसूनही गेला नव्हता.

"दोनशे कापतो," म्हणाला. "आणि पुढच्या वेळी कोकणात नेणार असाल तर डिपॉझिट जास्त लागेल."