सुरतेच्या इंग्रज दफनभूमीतला ऑक्झेंडन नेमका कोणता?

‘शिवरायांच्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या इंग्रज वकिलाची कबर दाखवतो’ या गाइडच्या आश्वासनावर आम्ही चौघे सुरतेच्या कतारगाम भागातल्या जुन्या इंग्रज दफनभूमीत गेलो, आणि ते आश्वासन साफ चुकीचे निघाले. तिथला सर्वांत भव्य मकबरा सर जॉर्ज ऑक्झेंडनचा आहे. तो १६६९ मध्ये सुरतेतच वारला, तर राज्याभिषेक झाला १६७४ मध्ये. रायगडावर आला होता तो हेन्री ऑक्झेंडन. कबरीपुढे मी भारावून हात जोडले होते. रात्री खोलीवर सनावळी जुळवून पाहिल्यावर अंगाचा तिळपापड झाला.

खरा संबंध तर याहून जवळचा आहे. महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तिचा अध्यक्ष हाच जॉर्ज होता. एवढी गोष्ट हाताशी असताना गाइडने त्याबद्दल अवाक्षरही काढले नाही. वर ‘खास परवानगी’च्या नावाखाली दारावर प्रत्येकी वेगळे पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी आम्ही आपले आपण गेलो, तर पहारेकऱ्याने काही न मागता आत सोडले. तेव्हा असे पैसे देऊ नयेत, आणि गाइड ठरवण्यापूर्वी त्याला दोन्ही ऑक्झेंडनांमधला फरक विचारावा. तो अडखळला तर दुसरा पाहावा.

मकबरा मात्र चुकवू नये. सुमारे ४० फूट उंचीची ही दुमजली, घुमटांची वास्तू लांबून एखाद्या सुलतानी सरदाराची वाटते. जॉर्जचा भाऊ ख्रिस्तोफर, जो १६५९ मध्ये वारला, त्याची कबरही याच वास्तूत आहे. त्याच्या लॅटिन मृत्युलेखाची भाषा चक्क जमाखर्चाची आहे: या हिशेबनिसाला वर्षे नव्हे, दिवसच मोजता आले, कारण मृत्यूने अवचित हिशेब मागितला, धन्यांनी नोकर गमावला, आम्ही सोबती गमावला, त्याने जीव गमावला, पण हिशेबाच्या समोरच्या बाजूला ‘मृत्यू हाच माझा नफा’ असे तो लिहू शकतो. व्यापाऱ्यांच्या गावात याहून चपखल लेख कुठला असणार? मजकुराचे भाषांतर आधीच वाचून जावे, कारण गाइड तिथे थांबला तो फक्त फोटो काढण्यापुरता.

जवळच डच दफनभूमी आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध करवून घेणारा हेंड्रिक व्हॅन रीड १६९१ मध्ये वारल्यावर तिथे पुरला गेला. त्याचा मकबराही असाच घुमटांचा आणि ऑक्झेंडन बंधूंवर कडी करण्याच्या ईर्ष्येने उभारलेला, असे सांगतात. आम्ही तिथे भर दुपारी, घसा कोरडा पडलेला असताना पोहोचलो आणि दहा मिनिटांत बाहेर पडलो. तो आधी, सकाळी पाहावा आणि इंग्रजांकडे नंतर वळावे.