आमची वाटचाल: फिल्टरची टाकी उघडून दाखवावी लागली तेव्हा

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या पंप दुरुस्तीच्या गाळ्यातून आम्ही सुरुवात केली. मी आणि माझा भागीदार, दोघेही पंपातले. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले, टॉवरबरोबर स्विमिंग पूल आले, पण बिल्डर गेल्यावर सँड फिल्टरला, म्हणजे पूलचं पाणी वाळूतून गाळणाऱ्या टाकीला, हात लावायला कोणी नसायचं. ते काम आम्ही धरलं. नंतरची बरीच वर्षं नीट गेली.

मार्च २०२० मध्ये पूल बंद झाले. बहुतेक सोसायट्यांनी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, थांबवली, मागची बिलंही अडकली. भागीदार चिपळूणला गेला तो तिकडेच राहिला. पंप बंद, क्लोरीन नाही, फिल्टरमधल्या वाळूचे गोळे झाले. पूल उघडले तेव्हा आमच्याकडे काम असायला हवं होतं, पण तोवर दुसरी एक कंपनी आली होती. आमच्या निम्म्या दरात एएमसी, वर वाळू बदलून फुकट. एकामागून एक सोसायट्या गेल्या. गाळ्याचं भाडं थकलं.

फुकटची वाळू म्हणजे बांधकामाची, चाळून आणलेली. फिल्टरला सिलिका लागते, धुतलेली, एकसारख्या दाण्याची, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. बांधकामाच्या वाळूत माती आणि बारीक चुरा असतो. तो लॅटरलच्या, म्हणजे टाकीच्या तळाशी असलेल्या बारीक चिरांच्या नळ्यांच्या, फटींतून थेट पूलमध्ये येतो, उरलेला आत थर धरतो. प्रेशर चढतं, रोज बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं, करावा लागतो, आणि उन्हाळ्यात ते पाणी टँकरचं असतं. यावर कहर म्हणजे, जुन्या कॉन्ट्रॅक्टरने फिल्टर खराब करून ठेवला होता असं ती माणसं कमिटीला सांगत होती. हे मी विसरलेलो नाही.

मानपाड्याजवळच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका आमच्या बाजूने उभे राहिले. रेल्वेतून निवृत्त झालेले. पंप रूममध्ये त्यांची वही असायची, रोज सकाळचं गेजचं प्रेशर त्यात. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी ती पुढे ठेवली आणि म्हणाले, "वाळू बदलली त्या आठवड्यापासूनचे आकडे वाचा." मग मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर टाकी उघडायला लावली.

आम्ही वाळू कापलेल्या मगाने काढतो, तळाशी आलो की हाताने. फावडं आत घालायचं नाही. खाली दोन लॅटरल हबपाशीच, म्हणजे मधल्या जोडापाशीच, तुटलेले निघाले. कोरड्या टाकीत पोती उपडी केली की हेच होतं. टाकी आधी अर्धी पाण्याने भरावी, मधल्या पाइपचं तोंड बांधावं, मग खडी आणि मग वाळू हळूहळू सोडावी. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, खोलला तर आतलं चाकासारखं गॅसकेट खाचेतून उठलेलं. पंप चालू असताना कोणीतरी हँडल फिरवलं होतं. हँडल 'फिल्टर'च्या खुणेवर ठेवूनही पाणी वेस्ट लाइनने गटारात जात होतं. खाचेतला जुना गोंद काढायला माझ्याकडे दातांच्या डॉक्टरांची आकडी आहे, भागीदाराने नौपाड्यातल्या एका दवाखान्यातून मागून आणलेली. त्या खाचेसाठी याहून चांगलं हत्यार मला मिळालेलं नाही. झाकण काढण्याआधी झाकणावर आणि बॉडीवर मार्करने खूण करा, नाहीतर हँडल भलत्याच जागी बसतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा, पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं.

ती सोसायटी त्याच महिन्यात परत आली. काकांनी आणखी दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन केले, तिथून गाडी रुळावर आली. आता नेरूळ, खारघरलाही कामं आहेत. तिथे हल्ली वाळूऐवजी काचेचं मीडिया, म्हणजे गाळायला काचेचे बारीक दाणे, मागतात. देतो, पण आधी लॅटरल तपासून. पूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाने गेजची वही ठेवावी. बॅकवॉशनंतरचं प्रेशर लिहावं, त्यावर साधारण अर्धा बार चढला की पुन्हा बॅकवॉश, मग रिन्स (थोडा वेळ सरळ पाणी सोडून ते बाहेर काढणं), आणि दर वेळी हँडलला हात लावण्याआधी पंप बंद.

ती कंपनी पुढे ठाण्यातून निघून गेली. तिच्याकडे गेलेल्या एका सोसायटीने लॉकडाऊनआधीचं आमचं बिल अजून दिलेलं नाही. दर मार्चला त्यांना आमचं स्मरणपत्र जातं.