तू कुठवर आलीस?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात मी हिशेब बघते. सकाळचे सौदे उरकतात, शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहून होतात आणि दुपारी दीड-दोनच्या सुमाराला अर्धा तास मोकळा मिळतो. डबा खाल्ला की मी वाचायला काढते. मग कुणीतरी विचारतंच, "काय वाचालाय वैनी?" नाव सांगितलं, गोष्ट थोडक्यात सांगितली, की पुढचा प्रश्न ठरलेला. "ही तर पोरांची पुस्तकं की. तुम्ही कशाला वाचताय?" पुस्तक हातात असलं तर एवढ्यावर भागतं. हातात ई-पुस्तकं वाचायचा रीडर असला तर आणखी एक प्रश्न येतो, की कागदावरचं चांगलं का ह्या पाटीवरचं.

हेच प्रश्न लग्नाकार्यात विचारले जातात, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाई विचारतात. बावन्न वर्षांच्या बाईनं दहा वर्षांच्या पोरांची पुस्तकं वाचावीत याचं लोकांना खरंच नवल वाटतं. तुम्हीही हेच दोन प्रश्न विचारलेत, ही पुस्तकं का वाचते आणि कागद चांगला का रीडर, म्हणून एकदा नीट सांगते.

आधी कुठली पुस्तकं म्हणते ते सांगायला हवं. चित्रांची पुस्तकं नव्हेत, ससा-कासवाच्या गोष्टी नव्हेत. इंग्रजीत ज्यांना मिडल ग्रेड म्हणतात त्या, साधारण आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या. दीड-दोनशे पानं, नायक किंवा नायिका वाचकाच्याच वयाची, फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठी. आई-वडील गोष्टीत असतात, पण जरा बाजूला. निर्णय पोरानं स्वतःच घ्यायचा असतो आणि चुकला तर निस्तरायचाही त्यानंच. आपल्याकडं याला कुमार साहित्य म्हणतात.

मराठीत हे दालन रिकामं नाही, पण भरलेलंही नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना आप्पा मला सायकलवर पुढं दांड्यावर बसवून करवीर नगर वाचन मंदिरात न्यायचे. हे वाचनालय १८५० सालचं, हे ते दर खेपेला सांगायचे. तिथून आणलेला फास्टर फेणे मी परत द्यायच्या दिवसापर्यंत दोनदा वाचायची. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवनला शिकणारा, सायकल घेऊन सुसाट सुटणारा आणि 'ट्टॉक' करणारा. भा. रा. भागवतांनी त्याला कधी उपदेश करायला लावला नाही, म्हणून तो आम्हाला आमच्यातला वाटला. घरी 'किशोर' यायचा. बालभारतीनं तो १९७१ ला सुरू केला, म्हणजे माझ्याहून जरासा मोठाच. आणि त्यानंतर? त्यानंतर थेट 'मृत्युंजय'. शिवाजी सावंत आजऱ्याचे, आपल्या जिल्ह्यातले, म्हणून आप्पांना कोण अभिमान. बाराव्या वर्षी त्यांनी तो जाडजूड ग्रंथ माझ्या मांडीवर ठेवला. मी वाचला, कर्णासाठी रडलेसुद्धा, पण निम्मं डोक्यावरून गेलं होतं. मधल्या दोन-तीन पायऱ्या नव्हत्याच. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्या उडीत खाली पडल्या आणि परत कधी पुस्तकाकडं वळल्या नाहीत.

पण मी आज ही पुस्तकं वाचते त्याचं कारण माझं बालपण नाही. कारण माझा मुलगा आहे.

तो दुसरीत जाईपर्यंत मी त्याला रोज रात्री वाचून दाखवायची. दुकानातून कितीही दमून आले तरी चुकवलं नाही. तिसरीत तो स्वतः घडाघडा वाचायला लागला. मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात मी म्हणाले, "आता तुझं तू वाच बाळा, तुला येतंय की." आणि त्याच्या शेजारून उठले. वाईट हेतू काहीच नव्हता. स्वयंपाकघर आवरायचं असायचं, सासूबाईंची औषधं असायची. तो काही दिवस वाचायचा आणि सांगायला यायचा, आई, ह्यात असं झालं, तसं झालं. मी "हो का? छान!" म्हणायची आणि कढईत उलथनं फिरवत राहायची. ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं, मग दुसरं बोलणार तरी काय? पाचवीत पोचेपर्यंत त्याचं सांगणं थांबलं. सहावीत वाचणं थांबलं. मी टीव्हीला बोल लावला, मग मोबाइलला. आता तो सव्वीस वर्षांचा आहे, चांगला आहे, कामात आहे. वाचत मात्र नाही. ही गोष्ट मला लागून राहिली आहे.

बहुतेक घरांत असंच होतं असं मला आजूबाजूला बघून वाटतं. पोराला वाचता येत नाही तोवर आपण त्याच्याजवळ बसतो. वाचता यायला लागलं की उठतो. आणि नेमकं त्याच वयात त्याच्या हातात पहिल्यांदा अशी पुस्तकं येतात ज्यांत माणसं मरतात, मित्र दगा देतात, वडील खोटं बोलताना सापडतात. वाचून झाल्यावर ते पोर घरभर नजर फिरवतं, की हे कुणाशी बोलू? आणि घरात ते पुस्तक वाचलेलं कुणीच नसतं.

धाकट्या दिरांची मुलगी दहा वर्षांची आहे. आम्ही एकाच घरात राहतो. तिच्या बाबतीत मी ठरवूनच टाकलं. ती जे वाचेल ते मी वाचायचं. तपासायला नव्हे, सोबतीला. गेल्या पावसाळ्यात आम्ही 'शार्लट्स वेब' वाचलं, ई. बी. व्हाइट यांचं, १९५२ चं. विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू आणि त्याला कापलं जाण्यापासून वाचवणारी शार्लट नावाची कोळीण, म्हणजे कोपऱ्यात जाळं विणणाऱ्या कोळ्यातली मादी. ती आपल्या जाळ्यात त्याच्याबद्दल शब्द विणते, लोक चकित होतात आणि विल्बर वाचतो. शेवटून दुसऱ्या प्रकरणात, जत्रेच्या मैदानावर, शार्लट मरते. विल्बरला तोवर घरी परत नेलेलं असतं.

मी कट्ट्याशी भाकरी थापत होते. पुतणी येऊन फ्रिजला टेकून उभी राहिली, पुस्तकात बोट घालून.

"काकू, तू कुठवर आलीस?"

"माझं झालं वाचून."

"मग तुला माहीत आहे." जरा वेळ गप्प. "तिच्याजवळ कुणीच नव्हतं."

"नव्हतं."

"मी काय रडालो नाही," ती म्हणाली. आमच्याकडं पोरीसुद्धा आलो-गेलोच म्हणतात. डोळे लाल होते.

मी हात धुतले, तवा उतरवला आणि खाली बसले. विल्बर तिथंच का थांबला नाही, हे तिला सहन होत नव्हतं. मी म्हटलं, त्याला थांबायचं होतंच की, पण त्याला कोण थांबू देणार होतं? मग त्यानं काय केलं आठव. तिनं आठवलं. शार्लटच्या अंड्यांची पिशवी त्यानं तोंडात धरून घरापर्यंत सांभाळून आणली. "तेवढं तरी केलं त्यानं," ती म्हणाली. आणि मग एकदम, "आजीजवळ पण कुणी नव्हतं ना?"

आमच्या सासूबाई २०२१ मध्ये गेल्या, करोनात. तेव्हा कुणालाच आत सोडत नव्हते. पुतणी त्यावेळी सहा वर्षांची होती. तिनं तेव्हा काही विचारलं नव्हतं आणि आम्ही काही सांगितलं नव्हतं. चार वर्षं तो प्रश्न तिच्या पोटात होता आणि तो बाहेर काढला एका कोळिणीनं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी आजीबद्दल बोललो. भाकऱ्या उशिरा झाल्या, घरात कुणी काही म्हटलं नाही.

मी ते पुस्तक वाचलेलं नसतं तर मी काय म्हटलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. "झालं का वाचून? छान!"

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. त्याला एक छोटी पुस्ती जोडते, कारण लोकांना वाटतं मी निव्वळ पोरीसाठी त्याग करते. तसं नाही. ह्या पुस्तकांत लेखकाला आळस करता येत नाही. दहा वर्षांचा वाचक कंटाळला की मुकाट्यानं पुस्तक मिटतो, आपल्यासारखा पैसे दिलेत म्हणून रेटत नाही. त्यामुळं वाक्य साधं असावं लागतं आणि पोकळ असून चालत नाही. मी मराठी माध्यमातली, बी. कॉम. झालेली. इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा वाचलं, तेही अशीच एक कादंबरी होती.

आता कागद की रीडर.

'शार्लट्स वेब' वाचताना तिच्याकडं छापील प्रत होती आणि माझ्याकडं रीडर. ती विचारायची, कुठवर आलीस, मी म्हणायची, अडतीस टक्के. तिला ते पटायचं नाही. ती पुस्तक उभं धरून उरलेली पानं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पकडायची, म्हणायची, "माझं एवढं राहिलंय." ती चिमूट रोज बारीक होत गेली. शेवट जवळ आलाय हे तिच्या बोटांना आधी कळायचं, आणि आवडत्या पुस्तकात ती मुद्दाम हळू वाचायला लागायची. रीडरवर मला हे कधीच जाणवलं नाही. तिथं शेवट दारात उभा राहिल्यासारखा अचानक येतो.

रीडरचा मला झालेला फायदा डोळ्यांचा आहे. दिवसभर हिशेबाचे आकडे बघून संध्याकाळी बारीक टाइप नकोसा होतो. तिथं अक्षर हवं तेवढं मोठं होतं. शिवाय हा मोबाइलसारखा डोळ्यांत उजेड मारणारा पडदा नव्हे. आत केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यात काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यानं ते वर-खाली होतात आणि पान उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो. इंग्रजी शब्द अडला तर त्यावर बोट दाबून धरायचं, अर्थ तिथंच. पुतणीही इंग्रजी पुस्तकं आता कधीकधी रीडरवर मागते, ह्या एका सोयीसाठी.

मराठीचं मात्र दुखणं आहे. बऱ्याच ई-पुस्तकांत 'ऱ्या' नीट उमटत नाही. दुसऱ्या, कोपऱ्यात, बिचाऱ्या, सगळ्या ठिकाणी 'र्या' होतो. मोठ्यांना सवयीनं वाचता येतं, पण पोरं अडखळतात. एका साहसकथेत मुलं सह्याद्रीत डोंगर आणि दऱ्या ओलांडून जातात. रीडरवर ते 'डोंगर आणि दर्या' असं उमटलेलं. पुतणी दोनदा वाचून माझ्याकडं आली. "काकू, सह्याद्रीत समुद्र कुठनं आला?" तिचं काही चुकलेलं नव्हतं. दर्या म्हणजे समुद्रच. पोरांसाठी पुस्तक काढणाऱ्यांनी निदान एवढं तरी डोळ्यांखालून घालावं, ही माझी हात जोडून विनंती आहे. कारण मोठा माणूस चूक पुस्तकाची समजतो, मूल ती स्वतःची समजतं.

आणखी एक. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं नेटवर मोफत ठेवलेत, ही फार मोठी ठेव आहे. पण ती छापील पानांची चित्रं आहेत. सहा इंची रीडरवर अक्षर मुंगीएवढं दिसतं आणि इतर ई-पुस्तकांसारखं नुसतं अक्षर मोठं करता येत नाही. ते कॉम्प्युटरवर किंवा टॅबवर वाचावेत.

पुराचं सांगितल्याशिवाय मात्र कोल्हापुरातल्या पुस्तकांबद्दल बोलणं पुरं होत नाही. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. आमचं घर शाहूपुरीत, तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. धान्याचे डबे, कागदपत्रं, सासूबाईंना वर नेण्यात रात्र गेली आणि पुस्तकांचं खालचं कपाट राहून गेलं. पाणी ओसरल्यावर एकेक पुस्तक काढून पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घातले, पंख्याखाली उभी केली, तुकडे सकाळ-संध्याकाळ बदलले. गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तकं एकमेकांना चिकटून वीट झाली, ती टाकावी लागली. साध्या, खरबरीत कागदाची वाचली. फुगलेली, पिवळी, कडेला चिखलाची रेघ असलेली, पण वाचता येतात. आप्पांनी घेऊन दिलेला फास्टर फेणे त्यात आहे. २०२१ ला परत पूर आला तेव्हा पुस्तकं आधीच माळ्यावर होती. वीज नव्हती, मोबाइल दुसऱ्या दिवशी मेले, रीडर चालत राहिला. दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसून वरच्या मजल्यावर जमलेल्या पोरांना मी त्यावरून वाचून दाखवलं.

तेव्हा माझी वाटणी अशी आहे. माझ्यासाठी, प्रवासात, रात्री, आणि जे इंग्रजी पुस्तक इथल्या दुकानात मिळत नाही त्यासाठी रीडर. पोरासाठी, पहिल्यांदा वाचताना, आणि मराठी असेल तर नक्की, कागद. एक कारण चिमटीचं. दुसरं म्हणजे छापील पुस्तक घरात पडलेलं दिसतं. माझ्या हातात रीडर असला की मी काय वाचते हे पुतणीला कळत नाही. दाराशी पालथं ठेवलेलं पुस्तक ती येता-जाता उचलते आणि मागचं पान वाचते. कागदी पुस्तक वाचून झालं की शेजारच्या घरी जातं, तिथून तिसऱ्या घरी. आमच्या गल्लीत सध्या पाच पोरं एकच पुस्तक पुढं-मागं वाचताहेत आणि जी पुढं आहेत त्यांनी मागच्यांना शेवट सांगायचा नाही असं त्यांनी आपसात ठरवलंय.

चांगल्या कुमार कादंबऱ्यांच्या मी आता दोन-दोन प्रती घेते, एक पोराला, एक घरातल्या मोठ्या माणसाला. दुकानात ज्यांनी मला विचारलं त्यातल्या दोघांनी अशा जोड्या नेल्या आहेत. एकाच्या मुलानं सोमवारी फोन करून मला विचारलं, "काकू, आमचे पप्पा अजून चौथ्याच प्रकरणात आहेत, त्यांना जरा लवकर वाचायला सांगता काय?"